ऑपरेशन की रेडिएशन? प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झाल्यावर निर्णयापर्यंत कसं पोहोचायचं

बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. संध्याकाळपर्यंत घरात तीन मतं तयार झाली. दादा म्हणाला, काढूनच टाकू या. आत्या म्हणाली, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो, कुणाला हात लावू देऊ नका. आणि पुण्याच्या मामांनी, ज्यांचं स्वतःचं प्रोस्टेटचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं, फोनवर एवढंच विचारलं, "ग्लीसन किती आलाय?" रिपोर्ट आमच्या हातात होता, तरी कुणाला उत्तर देता येईना.

त्या संध्याकाळी जे माहीत असायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहिते आहे. कॅन्सर प्रोस्टेटमध्येच (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी ही ग्रंथी) किंवा त्याच्या अगदी आसपास आहे, हाडांत किंवा दूर कुठे पसरलेला नाही, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे आहे. पसरलेल्या कॅन्सरचा विचार वेगळा होतो. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे आधी ठाऊक असलं तर ती दहा मिनिटं कारणी लागतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण आम्हाला ती फार उशिरा कळली. आम्ही सगळे विचारत होतो, "कशाने नक्की बरं होईल?" प्रोस्टेटपुरत्या मर्यादित कॅन्सरमध्ये ऑपरेशन आणि रेडिएशन, दोन्हींनी जीव वाचण्याचं प्रमाण जवळपास सारखं आहे. खरा फरक उपचारानंतरच्या आयुष्यात पडतो: लघवीवरचा ताबा, शौचाच्या तक्रारी, पती-पत्नीचे संबंध, येण्या-जाण्याचे दिवस. त्यामुळे यातला कोणता त्रास या माणसाला झेपेल, हे विचारावं लागतं. त्याचं उत्तर अर्धं डॉक्टरांकडे असतं आणि अर्धं घरात.

१. आधी वेळ मागून घ्या

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा सावकाश वाढतो. नीट चौकशी करायला, दुसरं मत घ्यायला चार-सहा आठवडे गेले तर सहसा काही बिघडत नाही. ऑपरेशन करायचंच ठरलं तरी बायोप्सीची सूज उतरावी म्हणून सर्जन बऱ्याचदा तेवढे आठवडे थांबतात.

आम्ही पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी रिपोर्ट चाळता चाळताच पुढच्या मंगळवारची तारीख लिहून दिली. बाबा हो म्हणणार होते, डॉक्टरांना नाही म्हणायची त्या पिढीला सवयच नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही पंधरा दिवसांत कळवतो. तोवर थांबलं तर काही धोका आहे का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही, तसा काही नाही." हा प्रश्न पाठ करून ठेवा. उत्तर "हो, धोका आहे" असं आलं, तर कारण विचारून घ्या आणि त्याप्रमाणे घाई करा.

लघवी पूर्ण अडली, पायांतली ताकद अचानक कमी झाली किंवा पाठीच्या कण्यात नवीन, जोराचं दुखणं सुरू झालं, तर मात्र वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

२. फाईल लावा

एक जाड फाईल आणा आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. आतापर्यंतचे पीएसएचे सगळे रिपोर्ट, जुने सापडले तर तेही. एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन. हृदय, शुगर, किडनीचे कागद आणि चालू गोळ्यांची यादी, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ठळक अक्षरात.

पीएसए ही रक्ततपासणी, प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन मोजणारी. वयोमानाने प्रोस्टेट वाढली, लघवीत इन्फेक्शन झालं, नळी घातली तरी आकडा वाढतो, म्हणून एकट्या आकड्यावर कुणी काही ठरवत नाही. निदान झाल्यावर मात्र तो आकडा महत्त्वाचा होतो: १०च्या खाली, १० ते २० की २०च्या वर.

ग्लीसन हा सगळ्यांत गोंधळात टाकणारा भाग, म्हणून थोडं थांबून सांगते. बायोप्सीत सुईने साधारण बारा तुकडे घेतात. कॅन्सरच्या पेशींची रचना किती बिघडली आहे ते पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात आणि मुख्य दोन नमुन्यांना नंबर देऊन त्यांची बेरीज करतात. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. आजच्या रिपोर्टांत बेरीज ६पासून १०पर्यंत असते. म्हणजे ६ ऐकून "दहापैकी सहा, अरे बाप रे" असं वाटतं, पण ६ हा सगळ्यांत सौम्य आकडा आहे. आणि ३+४ व ४+३ यांची बेरीज सातच असली तरी दोन्ही सारखे नाहीत. पहिला नंबर जास्त दिसलेल्या नमुन्याचा असतो, म्हणून ४+३ जास्त आक्रमक. हा घोळ टाळण्यासाठी आता रिपोर्टात १ ते ५ असा ग्रेड ग्रुपही लिहितात: ६ म्हणजे ग्रुप १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३, ८ म्हणजे ४ आणि ९-१० म्हणजे ५.

आणि आता एक काम जे बहुतेक लोक करत नाहीत. बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबमधून स्लाईड आणि ब्लॉक मागून आणा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले ते तुकडे. साधा अर्ज लिहून दिला की मिळतात. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात त्या पुन्हा तपासून घेता येतात. बाबांचा पहिला रिपोर्ट ३+४ होता, फेरतपासणीत ४+३ आला. या अदलाबदलीमुळे त्यांच्या उपचारात सहा महिन्यांची हार्मोनची (म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारी) इंजेक्शनं वाढली. एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीतून मी ते तुकडे मांडीवर धरून एसटीने नेले होते. त्या डबीने आमचा पुढचा सगळा रस्ता ठरवला.

एमआरआयमध्ये बघायचं ते एवढंच की गाठ प्रोस्टेटच्या आवरणाच्या आत आहे की बाहेर डोकावते आहे. धोका मध्यम किंवा जास्त असेल तर कॅन्सर इतरत्र नाही ना हे बघायला बोन स्कॅन आणि सीटी, किंवा पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते उजळून दाखवणारा) सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पीएसएमए पेटची अचूकता ९२ टक्के आणि जुन्या जोडीची ६५ टक्के निघाली. परवडत असेल आणि डॉक्टर सुचवत असतील तर उपचार ठरण्याआधीच करा.

३. आपण कोणत्या गटात आहोत ते एका ओळीत लिहून घ्या

पीएसए १०च्या खाली, ग्रेड ग्रुप १ आणि गाठ लहान, तर धोका कमी. पीएसए १० ते २० किंवा ग्रुप २-३, तर मध्यम. पीएसए २०च्या वर, किंवा ग्रुप ४-५, किंवा गाठ आवरणाबाहेर, यांतलं एकही असेल तरी जास्त. डॉक्टरांना सरळ विचारा: "आमचा धोका कमी, मध्यम की जास्त?" फाईलच्या पहिल्या पानावर उत्तर लिहा. बाबांच्या पानावर होतं: पीएसए ११.४, ४+३, आवरणाच्या आत, मध्यम धोका.

४. धोका कमी असेल तर तिसरा रस्ता आधी बघा

कमी धोक्याच्या गटात ऑपरेशनही नको आणि रेडिएशनही नको, अशी शक्यता चांगलीच असते. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवायचं आणि रोग हलला तरच उपचार करायचा. याला अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात. हा दुर्लक्ष करण्याचा प्रकार नाही, त्याला शिस्त लागते. जो माणूस तपासणीच्या तारखा पाळणार नाही, त्याच्यासाठी हा रस्ता नाही. पण ग्रुप १ असताना कुणी याचा उल्लेखही न करता ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसरं मत घ्याच.

५. दोन्ही दारं ठोठावा

आपल्याकडे लघवीच्या तक्रारीसाठी माणूस आधी यूरोलॉजिस्टकडे जातो, बायोप्सी तिथेच होते, आणि ऑपरेशनही तेच करतात. रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टची गाठच पडत नाही. उलट एखाद्याला थेट रेडिएशनकडे पाठवतात आणि सर्जन काय म्हणाला असता हे त्याला कधी कळत नाही. दोघांनाही भेटा. जिथे ट्यूमर बोर्ड असतं, म्हणजे सर्जन, रेडिएशन आणि औषधांचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात, तिथे हे आपोआप होतं. "आमची केस बोर्डात ठेवाल का?" असं विचारायला संकोचू नका.

प्रत्येक डॉक्टरला आपल्या उपचारावर विश्वास असतो, आणि तो असायलाच हवा. म्हणून त्यांना तिसराच प्रश्न विचारा: "माझ्या वडिलांच्या बाबतीत तुमच्या उपचाराचा सगळ्यांत मोठा तोटा कोणता?" आम्हाला भेटलेल्या सर्जननी या प्रश्नावर पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच बाबांच्या हृदयाचे कागद मागितले.

६. ऑपरेशन म्हणजे नक्की काय

पूर्ण प्रोस्टेट आणि तिला लागून असलेल्या वीर्याच्या पिशव्या काढतात, कधी जवळच्या लसिकाग्रंथीही. मग मूत्राशय आणि लघवीची नळी पुन्हा जोडतात. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दुर्बिणीने आतून खरवडतात ते ऑपरेशन वेगळं, या दोन्हींत गल्लत करू नका. पोट उघडून, दुर्बिणीने किंवा रोबोटने करतात. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जन शेजारी बसून त्याचे हात चालवतो. त्यात रक्त कमी जातं आणि घरी लवकर सोडतात. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रोबोट आणि उघड्या ऑपरेशनची थेट तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनंतर लघवी आणि संबंधांच्या बाबतीत विशेष फरक दिसला नाही. मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. सर्जनला विचारा, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि एका वर्षानंतर तुमच्या किती रुग्णांना पॅड लागतं?

एक-दोन आठवडे लघवीची नळी राहते. ती काढल्यावर जे होतं त्याची मामांना कुणी कल्पनाच दिली नव्हती. नळी निघाली, ते खुर्चीतून उठले आणि तिथल्या तिथे पँट ओली झाली. ५८ वर्षांचा, ऑफिसात चाळीस माणसं हाताखाली असलेला माणूस दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. खरं तर त्या टप्प्यावर लघवी गळणं अगदी अपेक्षित असतं आणि बहुतेकांचं पुढच्या काही महिन्यांत बरंच सुधारतं. मामांना पाच महिने पॅड लागलं. आता फक्त लांबच्या प्रवासात पातळसं घालतात. ते म्हणतात, "खोकला आला की आधी खालून आवळतो, मग खोकतो." लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळले जातात त्यांचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घ्यायचा, नंतर नव्हे.

ताठरतेच्या नसा (मज्जातंतू) प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. गाठ लांब असेल तर त्या वाचवता येतात, तरी सावरायला एक-दोन वर्षं लागू शकतात आणि सगळ्यांचं सावरत नाही. वीर्य बाहेर पडणं कायमचं थांबतं. मूल हवं असेल तर ऑपरेशनआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारा.

ऑपरेशनची एक मोठी बाजू अशी की काढलेली पूर्ण गाठ तपासायला मिळते आणि पीएसए जवळपास शून्यावर येतो. तो पुन्हा ०.२ झाला की रोग परतल्याचं लवकर कळतं आणि तेव्हा रेडिएशन देता येतं. "आत काही उरलं नाही" हे कळल्याशिवाय मामांना झोप लागली नसती. अशा माणसासाठी ही बाजू फार मोलाची.

७. रेडिएशन म्हणजे नक्की काय

कुणी "लाईट" म्हणतं, कुणी "शेक". बाहेरून नेमक्या जागी किरण सोडतात, दुखत नाही, डोक्यावरचे केस गळत नाहीत. आधी एक प्लॅनिंग सीटी होतो आणि अंगावर बारीक खुणा करतात. मग आठवड्यातून पाच दिवस जायचं. पूर्वी साडेसात आठवडे लागायचे. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनंतर चार आठवड्यांत २० वेळा देण्याची पद्धत रूढ झाली. निवडक रुग्णांमध्ये फक्त ५ वेळांतही देतात, त्याला एसबीआरटी म्हणतात. त्याचे पाच वर्षांचे चांगले निकाल २०२४ साली आले. ब्रेकीथेरपी हा आणखी एक प्रकार, त्यात किरणोत्सर्गाचा स्रोत प्रोस्टेटच्या आतच ठेवतात.

मशीनवरची दहा-पंधरा मिनिटं सोपी. कठीण असते ती तयारी. शौच साफ झालेलं हवं आणि मूत्राशय रोज सारखंच भरलेलं हवं, म्हणजे आतडं किरणांच्या वाटेतून दूर राहतं. बाबा रोज अर्धा लिटर पाणी पिऊन बाकावर बसायचे. एके दिवशी मशीन अडकलं. बाकावर पाच जण, सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांची मूत्राशयं काठोकाठ. एक निवृत्त मास्तर भिंतीला हात लावून उभे राहिले, त्यांना बसवेना. शेवटी टेक्निशियन बाहेर येऊन म्हणाला, "आजोबा, जाऊन या, पुन्हा भरू." त्या दिवशी घरी यायला रात्रीचे नऊ वाजले. म्हणून सोबत बाटली ठेवा, कोरडे कपडे ठेवा आणि परतीची गाडी उशिराची धरा.

उपचार चालू असताना आणि नंतर काही आठवडे लघवीला जळजळ, वारंवार जाणं, शौचाला घाई, थकवा हे होतं आणि बहुधा ओसरतं. काही जणांना महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचातून रक्त पडतं. अशा वेळी गुदद्वाराची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला रेडिएशन झाल्याचं आधी सांगायचं. ताठरता हळूहळू कमी होत जाते. अनेक वर्षांनी त्या भागात दुसरा कॅन्सर होण्याचा अगदी थोडा धोका असतो, पन्नाशीतल्या माणसाने तो विचारात घ्यावा.

बाहेरून रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण येत नाहीत. आईने पहिले चार दिवस नातवाला बाबांच्या मांडीवर बसू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला स्वतः समजावलं तेव्हा कुठे तो बसला. कायमचे दाणे आत ठेवण्याच्या ब्रेकीथेरपीत काही काळ पथ्य सांगतात, तेवढाच अपवाद.

जास्त धोक्यात आणि मध्यममधल्याही अनेकांना रेडिएशनबरोबर हार्मोनची इंजेक्शनं जोडतात, मध्यममध्ये साधारण चार ते सहा महिने, जास्तमध्ये दीड ते तीन वर्षं. "नुसतं रेडिएशन" असं समजून निघालेल्यांना याचाच त्रास जास्त होतो. अंगात अचानक उष्णतेचे लोट, वजन आणि शुगर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, इच्छा मरणं, उगाच रडू येणं. बाबा सीरियल बघताना डोळे पुसायचे आणि आम्हाला वाटायचं कॅन्सरची भीती आहे. ते इंजेक्शनमुळे होत होतं. रोज चालणं, हाडांची तपासणी, डॉक्टरांनी सांगितलं तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे सुरुवातीपासून. हृदयरोग असेल तर आधी कार्डिओलॉजिस्टला विचारा.

रेडिएशनच्या बाबतीत आपल्याकडचंही संशोधन आहे. टाटा मेमोरियलमध्ये २२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जास्त धोक्याच्या रुग्णांना प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही किरण दिले तेव्हा पाच वर्षांनी ९५ टक्के जणांत पीएसए पुन्हा वाढला नव्हता. फक्त प्रोस्टेटला दिलेल्यांत हे प्रमाण ८१ टक्के होतं. धोका जास्त असेल तर याबद्दल विचारा.

८. आकडे, एकदाच पण नीट

ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची चाचणी झाली. ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: लक्ष ठेवणं, ऑपरेशन, रेडिएशन. पंधरा वर्षांचे निकाल २०२३ साली आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के. यातला फरक योगायोगापलीकडचा नव्हता. रोग पसरला तो ९.४, ४.७ आणि ५ टक्क्यांत. लक्ष ठेवलेल्या गटात पसरण्याचं प्रमाण दुप्पट, पण उपचाराच्या दोन्ही गटांत जवळपास एकच. आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पंधरा वर्षांनीही कोणत्याही उपचाराशिवाय जिवंत होता.

त्रासाचे आकडे मात्र स्पष्ट वेगळे आहेत. सहा वर्षांनी पॅड वापरणारे ऑपरेशनच्या गटात १७ टक्के, रेडिएशनच्या गटात ४ टक्के. संबंधांपुरती ताठरता असलेले सुरुवातीला ६७ टक्के होते. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात १२ आणि रेडिएशनच्या गटात २२ टक्के उरले. सहा वर्षांनी १७ आणि २७. बारा वर्षांनी शौच नकळत होण्याची तक्रार रेडिएशनच्या गटात १२ टक्के, ऑपरेशनच्या गटात ६. रात्री दोनदा-तीनदा उठावं लागणं मात्र ऑपरेशनवाल्यांत कमी.

हे आकडे वाचताना एक भान ठेवा. या पुरुषांचा कॅन्सर तपासणीत लवकर सापडलेला होता, आणि आपल्याकडे अनेक जण उशिरा पोहोचतात. जास्त धोक्याच्या गटाला हे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथे बऱ्याचदा एका उपचारावर भागत नाही: ऑपरेशननंतर रेडिएशन, किंवा रेडिएशनबरोबर दीर्घ हार्मोन. "काढलं की सुटलो" असं कुणी जास्त धोक्यातल्या रुग्णाला सांगत असेल तर पुढचा प्रश्न विचारा: "नंतर रेडिएशन लागण्याची शक्यता किती?" कारण मग दोन्हींचे त्रास वाट्याला येतात.

आणि एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल: "ऑपरेशननंतर रेडिएशन देता येतं, पण रेडिएशननंतर ऑपरेशन होत नाही." पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा पुरता बरोबर नाही. ते ऑपरेशन अवघड असतं, मोजक्या ठिकाणी होतं, पण इतर उपाय असतात. एवढ्या एका वाक्यावर निर्णय घेऊ नका.

९. शरीर काय सांगतं

कधीकधी शरीरच उत्तर देतं. भूल झेपणार नाही असं हृदय किंवा फुप्फुस, नुकतीच अँजिओप्लास्टी, बंद न करता येणाऱ्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, असं असेल तर पारडं रेडिएशनकडे झुकतं. ओटीपोटाला पूर्वी रेडिएशन झालं आहे, आतड्याला अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा सुजेचा आजार आहे, किंवा प्रोस्टेट इतकी मोठी आहे की लघवी तटून राहते, तर ऑपरेशनकडे. वय हा एकटा निकष नाही. पुढे दहा वर्षांहून जास्त आयुष्य धरता येईल का, हे डॉक्टर बघतात. तेवढं नसेल तर कित्येकदा दोन्हींची गरज नसते.

१०. जे बोललं जात नाही ते बोला

लघवी आणि संबंध हे दोनच विषय निर्णय ठरवतात आणि घरात नेमके तेच निघत नाहीत. बाप मुलीसमोर बोलत नाही, आई तर विषयच बदलते. मी डॉक्टरांना आधी चिठ्ठी पाठवली: "मी बाहेर थांबते, तुम्ही आई-बाबांशी एकटे बोला." वीस मिनिटांनी दोघं बाहेर आले. काय बोलले ते मी आजवर विचारलेलं नाही, पण त्यानंतर बाबा पहिल्यांदा ठामपणे बोलले. ते दर एकादशीला चार-चार तास मांडी घालून भजनाला बसतात. लघवी गळत असेल तर ते देवळाची पायरी चढणार नाहीत, हे त्यांचं त्यांना पक्कं माहीत होतं. त्यात आठ महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलेला. रेडिएशन ठरलं.

मामांना त्याच दोन विषयांनी उलट्या दिशेला नेलं होतं. त्यांना हार्मोन नको होते, पुढे वर्षानुवर्षं शौचाची काळजी नको होती, काही महिने पॅड चालणार होतं.

११. पैसा, अंतर, मुक्काम

ऑपरेशनला काही दिवस हॉस्पिटल आणि मग महिनाभर घर. रेडिएशनला महिनाभर रोजची खेप. म्हणून मशीन कुठे आहे ते आधी बघा, मुंबईच गाठायला हवी असं नाही. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर इथेही रेडिएशन मिळतं. निर्णय आणि फेरतपासणी मोठ्या ठिकाणी, उपचार जवळ, अशी सांगड घालता येते. मुंबईतच राहायचं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे हॉस्पिटलच्या पत्रावर चौकशी करा, आणि जागा मिळेपर्यंतची दुसरी सोयही धरून ठेवा. उपचारासाठीच्या प्रवासात कॅन्सर रुग्णाला रेल्वेत सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पैसे भरण्याआधी तिथे जा. मंजुरी आधी, उपचार नंतर, हा क्रम चुकला की खटपट वाढते. मेडिक्लेम असेल तर रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा आहे का ते लेखी मागा. हिशेबात हार्मोनची इंजेक्शनं, स्कॅन, पॅड आणि सोबत्याचा बुडणारा रोजगारही धरा.

१२. ठरल्यानंतर

ठरलं की एका कागदावर तारीख घालून कारणं लिहून ठेवा. पुढे कुणीतरी पाहुणा येऊन "अहो, ऑपरेशन का नाही केलंत?" म्हणतोच, आणि रात्री दोन वाजता तो प्रश्न डोक्यात फिरतो. आमचा कागद फ्रीजवर चिकटवला होता.

पीएसए नेहमी एकाच लॅबमध्ये करा. ऑपरेशननंतर आकडा जवळपास शून्य अपेक्षित असतो. रेडिएशननंतर तो हळूहळू उतरतो, दीड-दोन वर्षंही लागतात, आणि मध्ये थोडा वर उसळून पुन्हा खाली येऊ शकतो. सगळ्यांत खालच्या आकड्यापेक्षा २ने वाढला तरच रोग परतला असं सहसा धरतात. हे ठाऊक नव्हतं तेव्हा बाबांचा ०.६चा ०.९ झाला आणि घरात आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही. पुढच्या तपासणीत तो ०.४ होता. त्यानंतरची तारीख कार्तिकी एकादशीनंतरची ठरवून घेतली आहे. आळंदीहून आधी परत येतो, मग रक्त देतो, असं त्यांनी डॉक्टरांना स्वतःच सांगितलं.